भाच्यावर हात

गोंदियाजवळच्या कुडव्यात माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे, आणि दुकानापेक्षा माझ्या तोंडाची ख्याती मोठी आहे. गिऱ्हाईक मोटर जाळून आणतं आणि वर मलाच विचारतं, "काऊन जळली गा?" मग मी मोटर बाजूला ठेवतो आणि आधी त्याला गुंडाळतो. बायको नूतन म्हणते, तुमच्या जिभेला वार्निश लावून उन्हात वाळत टाकायला पाहिजे. म्हणू दे. पण जगात एक माणूस असा आहे, ज्याच्यापुढे माझी जीभ चालत नाही. हात तर उचलायचा प्रश्नच नाही. तो म्हणजे माझ्या बहिणीचा, वच्छलाचा मुलगा, रोशन.

आमच्याकडे भाचा म्हणजे देव असतो. एकदा दुकानात बाहेरगावचा एक माणूस बसला होता आणि रोशन आला. मी उठून त्याच्या पाया पडलो. पन्नाशीचा बाप्या विशीतल्या पोराच्या पाया पडतो हे पाहून त्या माणसाचा चहा हातातच राहिला. मी त्याला समजावत बसलो नाही. भाच्याला उष्टं द्यायचं नाही, काम सांगायचं नाही, चुकून पाय लागला तर लगेच नमस्कार करायचा, आणि भाच्यावर हात उगारला तर म्हातारपणी तो हात थरथर कापायला लागतो. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. भात खायला जसं कोणी शिकवलं नाही तसंच.

रोशन नागझिऱ्याच्या जंगलात, पार्कच्या गेटवर गाईड होता. पोरगा हुशार, पक्ष्याच्या आवाजावरून झाड सांगायचा. यंदा पार्क पावसाळ्यासाठी बंद व्हायच्या थोडं आधी, देवरीच्या रस्त्यावर त्याच्या गाडीपुढे रानडुक्कर आलं. डुक्कर उठून पळालं, रोशन उठला नाही. गुडघ्याचं हाड फुटलं. गोंदियात ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली, प्लास्टर निघालं, पण पाय लोखंडी सब्बलीसारखा सरळ तो सरळच. देवरीच्या पलीकडच्या गावाहून व्यायामाला रोज कसा येणार, म्हणून मी त्याला माझ्या घरी आणलं. टीव्हीसमोरचा दिवाण त्याला दिला आणि मी आणि नूतन आतल्या खोलीत गेलो.

पहिल्याच दिवशी व्यायामवाल्या दिव्या मॅडम घरी आल्या. वयानं लहान, पण बोलणं माझ्या वरताण. त्यांनी रोशनला पालथं झोपवलं, एक हात मांडीवर दाबला, दुसऱ्यानं घोटा धरला आणि पाय पाठीमागे वाकवायला लागल्या. रोशननं उशी दातात धरली. मी मोटरीचं झाकण शोधायचं निमित्त करून बाहेर गेलो. आमच्या घरात मोटरीचं झाकण कधीच नसतं.

"काका, इकडे या," त्यांनी आवाज दिला. "मी आठवड्यातून एकदाच येऊ शकते. रोज सकाळ-संध्याकाळ हे तुम्ही करायचं. तो ओरडेल. ओरडला तरी थांबायचं नाही. तो जिथे बस म्हणतो ना, त्याच्यापुढे व्यायाम सुरू होतो."

"अन् नाई केलं तं?"

"तर सांधा आखडेल. मग हा पोरगा जन्मभर पाय लांब करून बसेल. जंगलाच्या जिप्सीत काय, संडासातही बसता येणार नाही."

आता कळलं असेल माझी गोष्ट कुठे अडली. संध्याकाळी मी हात धुतले, रोशनच्या पाया पडलो, घोटा धरला आणि दाबला. म्हणजे दाबायला गेलो. रोशन म्हणाला, "बस मामा." मी सोडलं. भाचा बस म्हणाला म्हणजे बस. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी नूतनला म्हटलं, तू करून पाहा. ती म्हणाली, "मी काय परकी आहे? तुमचा भाचा तो माझाबी भाचा. मामीले बी तेच पाप लागते." एका रविवारी वच्छला एसटीनं आली. धानाच्या रोवणीचे दिवस, चिखलातून उठून आलेली. तिनं पोराचा पाय मांडीवर घेतला, कुरवाळला, रडली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली. जाताना म्हणाली, "भाऊ, माया हातानं नाई होत. तुया भरवशावर सोडून जाऊन राहिली." तिच्या हातानं होत नाही, माझ्या हातानं कसं होईल, हे तिला विचारायचं मला सुचलं नाही.

रोशन बोलणं विसरलाच होता. दिवसभर त्या दिवाणावर, उशीवर टेकून, मित्राकडून आणलेल्या मशीनवर गेम खेळायचा. टीव्हीवर डोंगर, गढ्या, तलवारी, आग. गेमचं नाव इंग्रजी आहे, जिभेला लचक भरेल असं, म्हणून मी त्याला गढीवाला गेम म्हणतो. नूतन म्हणाली, तुम्हाला पाय वाकवता येत नाही तर निदान त्याच्यापाशी बसा तरी. म्हणून एका दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि जाऊन बसलो.

"काय करून राहिला भाचा?"

"तिसरा भाग आहे. गढी वाचवून राहिलो."

"मलेबी शिकव. इथूनच देऊन दे माया हाती."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी नीट पाहिलं. "असं नाई होत मामा. पैल्या भागापासून लागते. पैल्यात तू जे करशीन ते मशीन ध्यानात ठेवते, अन् तिसऱ्यात तुयापुढे आणून मांडते."

"मंग ते मशीन नाई, तुई मामी आहे."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. रोशनच्या ओठाचा कोपरा हलला. तेवढ्यावर मी पहिला भाग खेळायला तयार झालो. तेवढ्यासाठी मी विहिरीतही उतरलो असतो.

सुरुवात मोठी झकास असते. आधी आपला माणूस बनवायचा. नाक, डोळे, रंग. मिशी ठेवायची की नाही यावर मी अर्धी दुपार घालवली. मग अंगात काय किती भरायचं ते विचारतात. ताकद, चपळाई, बोलण्याची हुशारी. मी बोलण्याकडे वळलो तर रोशन म्हणाला, "तिथे नोको टाकू, तुयापाशी पैलेच जास्त आहे." नाव विचारलं, मी माझंच टाकलं, श्यामलाल. तलवारवाला श्यामलाल, कमरेला पट्टा, पाठीवर ढाल. बरा दिसत होता, खोटं कशाला सांगू.

त्याला चालवणं मात्र सोपं नव्हतं. हातातल्या रिमोटला (रोशन त्याला कंट्रोलर म्हणतो) दोन दांड्या. एकीनं माणूस चालतो, दुसरीनं त्याची नजर फिरते. माझा श्यामलाल आभाळाकडे पाहत भिंतीला धडका देत होता. "खाली पाह्य मामा, खाली." मी स्वतःची मान खाली केली. रोशन उशीत तोंड लपवून हसला. बारा वर्षांच्या पोरांना जमतं ते मला जमत नाही याचा राग यायला पाहिजे होता, पण आला नाही.

शेवटी गढीच्या अंगणात पोचलो. तिथे एक पोर उभं होतं, हातात लाकडी तलवार. टीव्हीच्या खाली हिंदी अक्षरं आली. 'अंकल, मुझे लड़ना सिखाइए.' त्याखाली चौकोनाचं चित्र.

"हा आरिन आहे," रोशन म्हणाला. "चौकोन दाब. तुई लाकडी तलवार त्याले लागन. असं दोन-तीनदा मारलं का तुले मारनं येते अन् त्याले आडवनं येते. मंग फाटक उघडते."

"अंकल म्हणजे काका का मामा?"

"काय फरक पडते?"

इंग्रजीइतकी दरिद्री भाषा मी पाहिली नाही. काका, मामा, मावसा, आत्याचा नवरा, शेजारचा भैयाजी, सगळे एकाच पोत्यात. अरे, पुतण्या असला तर दोन लगावायचा काकाला हक्क आहे, उलट नाही लगावल्या तर लोक म्हणतात काकाचं लक्ष नाही. पण मामाचं तसं आहे का? मी रोशनला म्हटलं, "फरक कसा नाई पडत? नीट सांग. मी त्याच्या बापाचा भाऊ का मायचा?"

रोशन खोटं बोलणारा पोरगा नाही. म्हणाला, "मायचा."

मी रिमोट दिवाणावर ठेवला.

"मामा, खेळ आहे तो."

"मले माहीत आहे."

"लाकडाची आहे तलवार. तीबी खरी नाई. पोट्टाबी खरा नाई."

"तुया मामाचा हात तं खरा आहे."

त्यानं खूप समजावलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, मी चुकीचं सांगितलं, तो काकाच आहे. पण मी तोवर अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन आरिनच्या आईशी बोलून आलो होतो. ती माझ्या श्यामलालला भैया म्हणते. मी रोशनला ते दाखवलं, तो कपाळाला हात लावून बसला. मग मी बटणं चाचपडत होतो, तर एका बटणावर माझा माणूस गुडघ्यावर बसला. मी त्याला चालवत आरिनपुढे नेला आणि बसवला. तलवारवाला श्यामलाल, पट्टा, ढाल, भाच्याच्या पायाशी. रोशनला हसता हसता ठसका लागला, नूतन पाणी घेऊन धावली. तो दिवस चांगला गेला. पण फाटक उघडलं नाही.

असे दिवस चालले. सकाळी घोटा धरायचा, बस म्हणाला की सोडायचा. दुपारी रिमोट धरायचा आणि अंगणात फिरायचं. कोंबड्या पाहायच्या, पायऱ्या चढायच्या, उतरायच्या. ते पोर मागे मागे यायचं, 'अंकल, सिखाइए ना.' गोंदिया जिल्ह्यात माझ्याइतका बिनकामाचा शूरवीर दुसरा नसेल.

दिव्या मॅडमनी पुढच्या खेपेला गुडघा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. "काका, पाय होता तिथेच आहे. करता की नाही?" मी खरं ते सांगितलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतो. मग कळलं की करत नाही, तेव्हा त्या जास्तच चिडल्या. म्हणाल्या, तुमच्या घरात कोणाला जमत नसेल तर बाहेरचा माणूस बोलवा, पण बोलवा.

बाहेरचा माणूस म्हणजे भैयाजी. आमच्या बाजूला त्याचं किराण्याचं दुकान आहे. हिंदी बोलणारा, गव्हाचं पोतं एका हातानं उचलणारा, आणि मामा-भाच्याच्या पापपुण्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. "अरे श्यामलाल, इसमें क्या है," म्हणत आला, हात पुसले, रोशनला पालथं केलं आणि दाबला. रोशन ओरडला. भैयाजीनं सोडलं नाही, बरोबरच होतं त्याचं, त्याला मीच तसं सांगितलं होतं. मग रोशननं हाक मारली. "मामा." एवढीच.

त्यानंतर मला एवढंच कळतं की भैयाजीची कॉलर माझ्या हातात होती आणि तो दाराबाहेर होता. त्याची एक चप्पल आतच राहिली. नूतननं ती मागून नेऊन दिली. तो रस्त्यावर उभा राहून म्हणाला, "बुलाया भी तुमने, निकाला भी तुमने. पागल हो क्या?" तेव्हापासून आम्ही साखरसुद्धा चौकातून आणतो.

त्या संध्याकाळी रोशन मला म्हणाला, "मामा, एक सांगू? मी पैल्यांदा हा गेम सुरू केला ना, तवा मलेबी घाई होती. आरिनले कमीत कमी मारलं, फाटक उघडलं का पळालो. अजून शिकवता येत होतं त्याले. थो म्हणते ना, अंकल एक बार और. नाई शिकवलं. अन् तिसऱ्या भागात गढीच्या दारावर त्याले आडवता नाई आलं. मेला थो."

"मंग?"

"मंग काई नाई. मले पाहाचं होतं का पूरं शिकवलं तं थो जगते का. म्हणून तुयाकडून खेळवून राहिलो. मायाकडून तं आता पयलेपासून होत नाई, लय लांबलचक आहे." तो छताकडे पाहत होता. "तू कायले बसते मंग? नाई मारत तं नोको बसू."

मी उठलो नाही आणि मारलंही नाही. त्यानं मशीन बंद केलं आणि भिंतीकडे तोंड केलं. सरळ पाय तसाच दिवाणाबाहेर राहिला. त्याला कूस बदलायलाही पाय हातानं उचलावा लागत होता, ते पाहून मला माझाच तिटकारा आला.

तुम्ही म्हणाल, गेमनं तुला धडा दिला श्यामलाल. मुळीच दिला नाही. मला सगळं आधीपासून कळत होतं. न कळणं ही माझी अडचण कधीच नव्हती. आंघोळीला जाताना, जेवताना, वायंडिंगची तार गुंडाळताना मी मनात तो पाय शंभरदा वाकवला होता. हात लावला की मन एकीकडे आणि हात दुसरीकडे. हा हात माझा आहे असं मला उगीच वाटत होतं.

दिव्या मॅडम पुन्हा आल्या तेव्हा रागावल्यासुद्धा नाहीत, त्यामुळे मी जास्त घाबरलो. त्यांनी मला ओट्यावर नेलं. "काका, आता शेवटचं सांगते. पुढच्या वेळेपर्यंत थोडा तरी वाकलेला दिसला तर आशा आहे. नाही दिसला तर माझं काम संपलं. मग नागपूरला न्या. भूल देऊन जोरानं वाकवतात. वाकतोही, कधी कधी हाड पुन्हा मोडतंही. पार्क कधी उघडतो?"

"ऑक्टोबरमंधी."

"त्याला विचारलं मी, नाही वाकला पाय तर काय करशील. म्हणाला, मामाच्या दुकानात बसून तार गुंडाळीन."

त्या गेल्या. मी ओट्यावर बसून राहिलो. माझं दुकान वाईट नाही, माझं घर चाललं त्याच्यावर. पण तो पोरगा झाडं ओळखणारा आहे. त्याला त्या जळक्या वासात, त्या लोखंडाच्या ढिगात, पाय लांब करून बसलेला मी पाहिला, उघड्या डोळ्यांनी पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नूतनला तिच्या मावशीकडे पाठवलं. दुकानाचं शटर पूर्ण ओढलं. तांब्यात पाणी आणलं, परात आणली, आणि रोशनचे दोन्ही पाय धुतले. लग्नात धुतात तसे. तो विचारत होता, "काय करून राहिला मामा? आज काय आहे?" मी पाय पुसले, कपाळ टेकवलं. मनात म्हटलं, हात कापायचा असेल तर कापू दे, दोन्ही कापू दे. मग म्हटलं, "पालथा हो भाचा."

तो पालथा झाला. मी एक हात मांडीवर ठेवला, घोटा धरला आणि दाबला.

"बस मामा."

मी दाबला.

"मामा, बस म्हटलं ना." त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. मान वळवून त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी सोडणार नाही हे त्याला माझ्या तोंडावरून कळलं. त्या क्षणी त्याच्या डोळ्यांत जे आलं ते दुखणं नव्हतं. दुखणं नंतर आलं. आधी आलं ते नवल.

मग तो ओरडला. मग शिव्या दिल्या, मला, माझ्या दुकानाला, माझ्या मेलेल्या बापाला, म्हणजे त्याच्या आज्याला. मग रडत विनवण्या केल्या. "मामा, तू माया मामा आहे ना? तुले भाच्याची आन आहे, सोड." भाच्याची आण. आमच्यात याच्याहून मोठी आण नाही. मी ती मोडली. माझ्या नाकातून, डोळ्यांतून पाणी त्याच्या पाठीवर पडत होतं, आणि हात दाबतच होते. आता थांबायला सांगितलं असतं तरी ते थांबले नसते असं मला वाटलं, आणि त्याची मला भीती वाटली. गुडघ्याच्या आत कुठेतरी, ओलं लाकूड फाटतं तसा आवाज झाला. पाय वाकला. थोडाच, पण वाकला.

मी सोडलं तेव्हा तो 'आई' म्हणत होता. मामा म्हणत नव्हता.

संध्याकाळी पुन्हा केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तो आता बस म्हणत नसे. मी खोलीत आलो की आपणहून पालथा व्हायचा, उशी तोंडात धरायचा आणि अंग आवळून घ्यायचा. मी पाया पडायचो ते त्याला दिसतही नसे, कारण तोंड उशीत. दिव्या मॅडम आल्या, गुडघा पाहिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. शाबासकी मिळाल्यासारखं मला काहीच वाटलं नाही. कॉपी करून पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

त्याच आठवड्यात कधीतरी रोशननं मशीन लावलं आणि रिमोट माझ्या हातात दिला. अंगणात आरिन उभाच होता, लाकडी तलवार घेऊन, इतके दिवस. 'अंकल, सिखाइए.' मी चौकोन दाबला. लाकडी तलवार त्याच्या खांद्यावर बसली, रिमोट हातात थरथरला, पोर धूळ झटकत उठलं. 'एक बार और, अंकल.' मी पुन्हा मारलं. पुन्हा उठलं, पुन्हा तेच म्हणालं. फाटक केव्हाच उघडलं होतं, तरी मी पूर्ण शिकवेपर्यंत मारत राहिलो. काहीच वाटलं नाही. ते पोर चांगलं होतं, मार खाऊन परत जवळ यायचं.

तिन्ही भाग आम्ही पार केले. तिसऱ्या भागात गढीच्या दारावर आरिननं वार अडवला आणि जगला. रोशन म्हणाला, "पाह्य, जगला." मी म्हटलं, "हो गा." एवढंच बोलणं झालं त्या दिवशी.

ऑक्टोबरात पार्क उघडला आणि रोशन गेटवर परत गेला. वच्छलानं फोनवर सांगितलं, जिप्सीत उडी मारून चढतो, विचारलं तर सगळ्यांना सांगतो की माझ्या मामानं पाय वाकवला. अभिमानानं सांगतो, म्हणाली. मला ऐकून बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला तो कुडव्याला आला. दारात उभा, अंगावर गाईडचा हिरवा शर्ट, थोडा काळवंडलेला, दोन्ही पायांवर सारखा. नूतननं पाट मांडला. तो बसला, दोन्ही पाय पुढे ठेवून. मी नेहमीसारखा वाकलो आणि पायाला हात लावायला गेलो. पाय मागे गेला.

"अरे," तो म्हणाला. "चुकून झालं मामा." आणि त्यानं पाय पुन्हा पुढे ठेवला. मी हात नेला, बोटं लागायच्या आत पाय पुन्हा मागे गेला. रोशन ओशाळून हसला. दोन्ही हातांनी त्यानं स्वतःचा घोटा धरला आणि पाय पुढे आणून दाबून ठेवला, माझ्यासाठी. "आता लाव," म्हणाला. त्याच्या हातांखाली पाय थरथरत होता, आणि माझा हात जवळ येताच त्याच्याच मुठीतून सुटून मागे गेला.

तो मागे घेत नव्हता. पाय घेत होता. आणि किती छान वाकत होता. टाच मांडीला टेकेपर्यंत, कुठेही न अडता, धडधाकट माणसाच्या पायासारखा.

नूतन दारात ताट घेऊन उभी होती. रोशन म्हणाला, "राहू दे ना मामा, कायले एवढं." मी त्याचा पाय जिथे होता त्या जागेला, जमिनीला हात लावला, आणि तो कपाळाला लावून उठलो.